तापाचं निमित्त आणि गोव्याचं तिकीट

शाळा बुडवून मुलांना फिरायला न्यावं की नाही, हा प्रश्न माझ्या नोकरीच्या सुरुवातीला नव्हताच. तेव्हा यवतमाळसारख्या जिल्ह्यात फिरायला जाणं म्हणजे उन्हाळ्यात मामाचं गाव, कुणाचं तरी लग्न, नाहीतर माहूर-शेगाव. मुलं शाळा बुडवायची ती कापूस वेचायला, घरी लहान भावंड सांभाळायला, नाहीतर नाल्याला पूर आला म्हणून. गोवा, केरळ, मनाली ही सगळी गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली भर. आता दिवाळीच्या सुट्टीला पुढे चार दिवस जोड, सव्वीस जानेवारीला मागे दोन दिवस जोड, असं सर्रास चालतं.

यावर आमच्या पिढीच्या शिक्षकांचं मत साधारण ठरलेलं असतं. "पालकांना शिक्षणाची किंमतच राहिली नाही!" मला मात्र तसं वाटत नाही. कुणी विचारलंच तर मी सांगते, न्या. खुशाल न्या. पण शाळेत जाऊन खरं कारण सांगून न्या.

आधी सुट्टीचंच बघू. आपली मोठी सुट्टी एप्रिलअखेर सुरू होते आणि जूनमध्ये संपते. यवतमाळात तेव्हा पारा ४४-४५ वर असतो. म्हणूनच तर विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात (२०२५ साली तिकडे १६ जूनला, इकडे २३ जूनला). अशा उन्हात घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन कुठे जायचं? शेतकऱ्याचं तर आणखी वेगळं. त्याच्या हातात पैसा येतो तो कापूस विकल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात तो पुढच्या पेरणीसाठी बियाण्याच्या पैशाची जुळवाजुळव करत असतो. पैसा, सवड आणि बरं हवामान या तीन गोष्टी आमच्याकडे एकत्र येतात त्या थंडीत, आणि तेव्हा शाळा ऐन भरात असते. नोकरदारांचं म्हणाल तर २०२५ साली राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा एकाच वेळापत्रकाने घ्यायचं ठरलं आणि त्या २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. तोवर कित्येक घरांत रेल्वेची तिकिटं काढून झाली होती. तेव्हा पालक शाळेची सुट्टी पाळत नाहीत हे जितकं खरं, तितकंच सुट्टी ठरवणारे पालकांना विचारत नाहीत हेही खरं.

आता मुलाचं नुकसान किती होतं? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. दोनशेतले सहा दिवस गेले म्हणून आभाळ कोसळत नाही. पण कुठले सहा, हे महत्त्वाचं. मराठीचा एखादा धडा, इतिहासाचं एखादं प्रकरण बुडलं तर मूल मागून वाचून घेतं. गणिताचं तसं नाही. दुसरीत दशक सोडवून वजाबाकी शिकवायला आठवडाभर लागतो. तो आठवडा ज्याचा गेला ते मूल पुढे कित्येक महिने मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करून मोकळं होतं, मग वरचा कुठला आणि खालचा कुठला याची त्याला फिकीर नसते. पाचवीत अपूर्णांकाची सुरुवात चुकलेलं मूलही असंच लंगडतं. पालकांना हे माहीत असायचं कारण नाही, पण शिक्षकाला बरोबर माहीत असतं. म्हणून तर आधी विचारायचं! "बाई, अमुक तारखेला निघतोय" असं कुणी आठ दिवस आधी सांगितलं, तर मी सांगू शकते की त्या आठवड्यात भागाकार आहे, एवढी पानं घरी करून घ्या, किंवा जमलं तर पुढच्या आठवड्यात जा.

"प्रवासात मूल पुस्तकापेक्षा जास्त शिकतं" हे वाक्य मात्र मला फारसं पटत नाही. कधी शिकतं, कधी नाही. हॉटेलच्या खोलीत मोबाईल घेऊन बसलेलं मूल काय शिकणार? आणि शिकलंच पाहिजे असा हट्ट तरी कशाला? आईवडील चार दिवस कामाच्या कटकटीबाहेर आहेत, घरात कुणी कुणावर ओरडत नाही, आजी खिडकीशी बसून जुन्या गोष्टी सांगते आहे, हे मुलाला मिळावं एवढं कारण मला पुरतं.

माझा विरोध आहे तो तापाला.

सहलीहून परत आल्यावर मुलाच्या हातात जी चिठ्ठी येते तिच्यात हमखास ताप असतो. "माझा पाल्य तापाने आजारी असल्यामुळे शाळेत येऊ शकला नाही, तरी रजा मंजूर व्हावी ही विनंती." काही घरं तर ओळखीच्या डॉक्टरचं प्रमाणपत्रही जोडतात. मी एका तालुक्याच्या गावी पाचवीला शिकवत असतानाची गोष्ट आहे. एक मुलगी आठ दिवसांनी वर्गात आली ती उन्हाने रापलेली, नाकाची सालं निघालेली. चिठ्ठीत टायफॉईड! मी चिठ्ठी घेतली आणि सहज विचारलं, "आता बरं आहे ना गं?" तिने मान खाली घातली आणि "हो बाई" म्हणाली. मधल्या सुट्टीत मैत्रिणींकडून कळलं की ती गोव्याला जाऊन आली होती आणि कुणाला सांगू नका म्हणून तिने शपथ घातली होती.

हे मला फार लागलं. आमच्या मुलांना समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. मुंबई-कोकणचा किनारा इथून सहा-सातशे किलोमीटर. त्या वर्गात समुद्र पाहिलेलं दुसरं एकही मूल नव्हतं. पुढच्याच आठवड्यात भूगोलात भरती-ओहोटी होती. मी विचारलं, "समुद्र कुणी पाहिलाय का?" सगळा वर्ग गप्प. ती पण गप्प. पाणी कसं मागे जातं, पायाखालची वाळू कशी सरकते, तोंडात खारट चव कशी येते, हे सगळं तिच्यापाशी होतं आणि तिला ते सांगायची बंदी होती. आठ दिवसांचा अभ्यास तिने पुढे भरून काढला, हुशार होती. पण समुद्राबद्दल तिने वर्गात वर्षभर तोंड उघडलं नाही.

पालक खोटं का लिहितात? खरं लिहिलं तर शाळा रागावते म्हणून. "सहलीला? शाळा बुडवून? आणि वर सांगताही?" असं दहा जणांसमोर ऐकून घेण्यापेक्षा ताप सोपा. म्हणजे खोट्याला जागा आपणच करून दिली.

कायदा कडक केला की हे थांबेल असं काहींना वाटतं. इंग्लंडमध्ये तो कडक आहे. तिथे २०१३ पासून मुख्याध्यापकाला फक्त अपवादात्मक कारणासाठीच रजा देता येते आणि सहल हे साधारणपणे तसं कारण धरत नाहीत. विनापरवानगी पाच दिवस बुडवले तर ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड, एकवीस दिवसांत भरला नाही तर १६० पौंड. आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावरच्या एका वडिलांचं प्रकरण तिकडे खूप गाजलं. त्यांनी शाळेकडे रीतसर परवानगी मागितली, शाळेने नाकारली, तरी एप्रिल २०१५ मध्ये ते मुलीला सात दिवस फ्लोरिडाला घेऊन गेले. दंड भरायला नकार दिला. मुलीची वर्षाची हजेरी नव्वद टक्क्यांहून जास्त होती, म्हणून खालच्या कोर्टात आणि हायकोर्टात ते जिंकले. पण ६ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरी, बहुतेक दिवस हजर असणं पुरेसं नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

आमच्या नात्यातली एक मुलगी तिकडे असते. तिची अडचण ऐकून मला हसावं की रडावं कळेना. तिच्या मुलांची मोठी सुट्टी जुलैअखेर ते ऑगस्टअखेर, म्हणजे ऐन चातुर्मासात. तेव्हा आपल्याकडे लग्नंच नसतात! नाताळची सुट्टी पुष्कळदा पौषात येते, तेव्हाही मुहूर्ताची पंचाईत. सख्ख्या भावाचं लग्न फेब्रुवारीत निघालं आणि ती मुलांना न घेता एकटी आली. आजीने नातवंडांसाठी शिवून ठेवलेले कपडे तिच्यासोबत परत गेले. तिकडेही लोक सकाळी शाळेत फोन करून "पोट दुखतंय" सांगतात म्हणे. म्हणजे ताप गेला नाही, फक्त महाग झाला.

आपल्याकडे दंडाऐवजी उलटी रीत होती. १९९२ साली राज्य सरकारने प्राथमिक शाळेतल्या गरीब, मागास समाजातल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला, हजर दिवसाला एक रुपया. हेतू चांगलाच होता. पण वेचणीच्या दिवसांत मुलगी आईसोबत कापसात गेली तर त्याच्या कितीतरी पट आणायची. घरात हिशेब लावणारी आई काय निवडेल?

आणि खोटेपणाचंच म्हणाल तर शाळाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. मुलं पटावर असतील तर शिक्षकाचं पद टिकतं, म्हणून प्रत्यक्षात नसलेली मुलं पटावर ठेवणाऱ्या शाळा होत्याच. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, आणि खोटी नावं लाखांनी निघाली. मुलगा समोर नाही आणि कागदावर हजर, हेही तापाच्या चिठ्ठीचंच मोठं भावंड. ज्या खात्याला आपल्या वह्यांमधला ताप दिसत नव्हता, त्याने पालकांना शिस्त शिकवावी?

खरी रजा मागणारा माणूस मला भेटला तो पुसदकडच्या एका तांड्याजवळच्या शाळेत. दिवाळी झाली की पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस या भागातल्या तांड्यांवरची कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी मुंबई-पुण्याच्या बांधकामावर. मुलं सोबत. बहुतेक जण न सांगता जातात. एक दिवस दारात एक बाप उभा राहिला. म्हणाला, "बाई, पोट्ट्याले संग घेऊन चाल्लो. होळीले वापस येतो. नाव नका काटू."

टायफॉईडची चिठ्ठी लिहिणाऱ्या शिकलेल्या माणसाला जे जमलं नाही ते यानं केलं होतं. मी मुलाला गणिताचं पुस्तक आणि दोन वह्या दिल्या, पाढे कुठपर्यंत झालेत ते मागच्या पानावर लिहून दिलं. होळीला पोरगा परत आला. वहीची चार पानं भरलेली, बाकी कोरी. तिसरीतल्या मुलांसोबत बसून वर्ष काढलं. पुढच्या वर्षीही असाच गेला आणि आला. त्याच्या पुढच्या वर्षी होळी झाली, पाडवा झाला, पोरगा आला नाही. बापही दिसला नाही. कुठल्या कारखान्याकडे गेले होते ते आमच्या कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

अलीकडे सलग महिनाभराहून जास्त गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरतात. २०१५ च्या ४ जुलैला राज्यभर जे सर्वेक्षण झालं त्यात हीच व्याख्या होती. मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण पत्रक भरायला बाप आधी शाळेत येऊन सांगायला हवा, आणि तो येतो कधी? आपल्याला कुणी ओरडणार नाही अशी खात्री असेल तेव्हा.

गोव्याला जाणारं मूल आणि उसाला जाणारं मूल यांची बरोबरी मी करत नाही. एक आठ दिवस जातं, दुसरं पाच महिने. एकाच्या बॅगेत टोपी-चष्मा, दुसऱ्याच्या डोक्यावर भांड्यांचं बोचकं. पण दोघंही शाळेच्या दारातून गुपचूप बाहेर पडतात.

मला विचाराल तर जूनमध्येच शाळेने फळ्यावर लिहावं, की वर्षातून आठ दिवस घरच्या कारणासाठी रजा मिळेल. परीक्षेचे दिवस आणि शाळा उघडल्यानंतरचा पहिला पंधरवडा सोडून. कारण खरं लिहायचं, लग्न असो, जत्रा असो की गोवा. दोन आठवडे आधी कळवायचं. शिक्षकाने त्या दिवसांतला अभ्यास अर्जाच्याच मागे लिहून द्यायचा, आणि मूल परत आलं की आठवडाभर मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं त्याच्याजवळ बसायचं. एवढ्याला शासन निर्णय लागत नाही.

आणि तांड्यावरचा बाप दारात आला तर त्याला आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं. हमी पत्रक त्याच्यासमोर भरायचं. कुठला जिल्हा, कुठला कारखाना, मुकादम कोण, ते लिहून घ्यायचं. मुकादमाचा मोबाईल नंबर नक्की घ्यायचा. महिन्याने त्या नंबरवर फोन लावून विचारायचं, पोरगा तिथल्या शाळेत बसतो का.