गाडीची कल्हई

माझे मामू पाथर्डी तालुक्यातल्या गावांमधून कल्हई लावत फिरायचे. भाता, कोळसा, नवसागर, कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा, एवढंच भांडवल. सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायचो, भाता हलवायचं काम माझ्याकडे. काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं लखलखलं की बायका खूश व्हायच्या. मामू त्या चकाकीला फारशी किंमत देत नसत. आंबट कालवण तांब्या-पितळेला लागू नये म्हणून मधे कथलाचा पातळ थर, बस्स. तो थर झिजण्यासाठीच असतो आणि झिजला की कल्हईवाल्याला हाक मारायची असते.

गाडीच्या रंगावर आपण जे चोळतो तीही कल्हईच. रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला पेंटिंगवाले नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. ऊन, काजळी, पक्ष्यांची विष्ठा, फडक्याचे ओरखडे सगळं त्याच्यावरच येतं. त्याच्यावर आणखी एक झिजाऊ थर द्यावा याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कशाचा थर द्यावा याबद्दल. नगरकरांनी वॅक्सचा नाद सोडून सीलंट लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चांगलं वॅक्स म्हणजे कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताडासारखं झाड होतं, त्याची पानं वाळवून, झोडपून जी पूड पडते त्यापासून ते बनतं. शुद्ध कार्नोबा विटेसारखं कडक, ८२ ते ८६ अंशांना वितळणारं. पण डबीत शुद्ध कार्नोबा नसतंच, कारण ते हाताने लावताच येणार नाही. त्यात तेलं, मऊ मेण आणि द्रावकं मिसळलेली असतात आणि हे मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला सैल पडतं. आता एप्रिलमध्ये माळीवाड्याजवळ दुपारी उन्हात उभ्या केलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून बघा. हात टिकत नाही, तिथे मेण काय टिकणार? थंड देशात महिना-दोन महिने चालणारं वॅक्स आपल्याकडे उन्हाळ्यात पंधरा दिवसांत निघून जातं, हा माझा अनुभव.

सीलंट हे कारखान्यात बनवलेलं पॉलिमर. ते रंगावर नुसतं बसत नाही, त्याला धरून राहतं आणि सुकताना आपापसातही जुळतं. त्यामुळे उष्णतेला आणि शाम्पूला ते मेणापेक्षा जास्त दाद देत नाही. डब्यावर वर्षभराचा दावा असला तरी चार-सहा महिने धरून चालावं. वॅक्सची ती ओलसर, खोल चमक मात्र त्यात नाही, हे कबूल. काळ्या किंवा गडद लाल गाडीवर तो फरक डोळ्यांना कळतो. पण आपल्या रस्त्यांवर बघावं तिकडे पांढऱ्या गाड्या, त्यांच्यावर ती खोली दिसायची कुणाला?

शिवाय आपल्या जिल्ह्याची म्हणून काही दुखणी आहेत. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे तालुक्या-तालुक्यांत धुराडी उठली. गाळप सुरू झालं की लोणी, राहुरी, कोपरगावकडच्या लोकांना सकाळी गाडीच्या टपावर काळी काजळी सापडते. ती कोरड्या फडक्याने झटकली की समजा काचपेपरच फिरवला. दुसरं दुखणं बोअरच्या पाण्याचं. बेसॉल्ट खडकातून येणारं हे पाणी जड, क्षारांचं. उन्हात सुकलं की पांढरी वर्तुळं उठतात. इथे सीलंटवाल्यांनीही जरा खरं बोलावं: सीलंटवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, ते फोटोत छान दिसतात, पण जड पाण्याचा तोच थेंब उन्हात वाळला तर डाग जास्त ठळक पडतो. गाडी सावलीत धुवायची आणि लगेच पुसायची, याला पर्याय नाही. मात्र डाग सीलंटवर पडला तर खालचा क्लिअर वाचतो, एवढा फायदा आहेच.

आता धंद्याबद्दल. मुकुंदनगर, झेंडीगेट, कोठला भागातल्या आमच्या किती पोरांना डेंटिंग-पेंटिंगने आणि पॉलिशने हाताला काम दिलं, हे नगरमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. वाहन दुरुस्तीच्या धंद्यात मुसलमानांचं प्रमाण जास्त आहे, अशी नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. म्हणून पुढची गोष्ट लिहिताना मला थोडी लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात मी सीलंटचे पैसे मोजले. बिलावरही तसंच लिहिलं. तीन आठवड्यांत, दोन धुण्यांत, पाणी बॉनेटवर सपाट पसरायला लागलं. पुढे त्याच दुकानातल्या पोराने ओशाळून सांगितलं की त्या दिवशी सीलंट संपलं होतं, साधं वॅक्स मारलं. दोन्हींची चमक पहिल्या दिवशी सारखीच दिसते, गिऱ्हाइकाला कळत नाही, हा त्यांचा हिशेब. वरून कोरडं आणि आतून भिजलेलं धान्य विकणाऱ्याला पैगंबरांनी बाजारात कसं हटकलं होतं, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. ढिगात हात घालून बघता येतं. बॉनेटमध्ये कुठे घालायचा?

असाच घोळ ‘टेफ्लॉन कोटिंग’ या पाटीचा. टेफ्लॉन तव्यावर बसवायला तीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. गाडी एवढी तापवली तर रंगच उरणार नाही. तेव्हा त्या पाटीखाली चांगल्यात चांगलं म्हणजे एक सीलंट मिळतं आणि वाईटात वाईट म्हणजे सुवासिक मेण. सीलंटला सीलंट म्हणायला काय हरकत आहे?

ज्यांच्याकडे मी आता जातो त्या उस्तादांशी यावरून बराच वाद झाला. ते म्हणाले, “चाचा, तुमचं सगळं बरोबर. पण वॅक्सवाला गिऱ्हाईक दर महिन्याला येतो. सीलंट मारलं तर सहा महिने तोंड दाखवत नाही. चार पोरांचे पगार कुठून काढू?” याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. मामूंचंही तेच झालं होतं. स्टीलची भांडी आली, त्यांना कल्हई लागतच नव्हती आणि भाता माळ्यावर गेला. पण इथे फरक आहे. सीलंटचं काम वॅक्सपेक्षा मोठं आणि जास्त कसबाचं आहे. आधी गाडी नीट धुवायची, क्ले फिरवून रुतलेले कण काढायचे, ओरखड्यांवर पॉलिश करायचं, त्या पॉलिशचं तेल पुसून काढायचं, मग सावलीत अगदी पातळ हात मारायचा आणि पुढे बारा तास तरी पाणी लागू द्यायचं नाही. तेल राहिलं तर सीलंट धरत नाही. हे काम घाईत होत नाही आणि घरी बसून कुणी सहज करत नाही. त्याची मजुरी मागावी, उघडपणे मागावी. महिन्याला चार वेळा फसवं काम करण्यापेक्षा वर्षाला दोनदा पूर्ण काम करून तेवढेच पैसे मिळवता येतात, असं मला वाटतं. उस्तादांना अजून तेवढं पटलेलं नाही.

पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. नगर शहर मुळा धरणाचं पाणी पितं, आणि त्याच जिल्ह्यात पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरच्या गावांनी किती उन्हाळे टँकरवर काढले. प्रेशरच्या पाइपाने गाडी धुताना शंभर-दीडशे लिटर सहज जातात. सीलंट असलेल्या गाडीवर धूळ तेवढी चिकटून बसत नाही. दोन बादल्या, थोडा सौम्य शाम्पू आणि मायक्रोफायबरचं कापड, यात काम होतं. कपड्यांची पावडर मात्र नको, तिने कल्हई लवकर उतरते.

यंदा गाळप सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, मी गाडी उस्तादांकडे एक दिवस सोडून आलो. दुकानाच्या पाटीवर आता दोन दर वेगवेगळे लिहिलेत, वॅक्सचा एक आणि सीलंटचा एक. डबा त्यांनी माझ्यासमोर फोडला. “बघून घ्या चाचा, नाहीतर परत लिहाल कुठेतरी.”