विश्लेषण : इंटरनेटच्या वेगाचे लेसरच्या ‘शुद्धते’शी नाते काय?

मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्राखालील केबलमधून देशाच्या आंतरराष्ट्रीय इंटरनेटचा मोठा हिस्सा ये-जा करतो. या केबलमध्ये माहिती वाहून नेणारा प्रकाश नखावर मावेल एवढ्या लेसर चिपमधून निघतो. या चिपमधला कळीचा धातू म्हणजे इंडियम. त्याच्या काही संयुगांवर चीनने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्यात नियंत्रण लागू केले. म्हणूनच हा विषय आता प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही.

लेसर ‘अशुद्ध’ कसा?

केबलमधला अदृश्य अवरक्त प्रकाश सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी वेळा कंप पावतो. आदर्श लेसरची ही वारंवारता ठाम एकच असायला हवी. पण चिपमध्ये काही फोटॉन आपल्याच मर्जीने बाहेर पडतात आणि लहरीची लय किंचित पुढे-मागे होते. तानपुऱ्याची तार हलकेच उतरावी-चढावी, तसेच हे. या थरथरीमुळे प्रकाशाचा रंग थोडा पसरतो. हा पसारा निसर्गनियमानेच पूर्ण शून्य होत नाही, हे शॉलो आणि टाउन्स यांनी १९५८मध्ये मांडले. सेमीकंडक्टर लेसरमध्ये तो आणखी का वाढतो, याचा उलगडा चार्ल्स हेन्री यांनी १९८२मध्ये केला. चिपमधील इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली, की तिचा अपवर्तनांकही बदलतो.

आताच अडचण का?

पूर्वी प्रकाश असला तर ‘एक’, नसला तर ‘शून्य’ एवढेच पुरायचे. आता लहरीची उंची आणि लय या दोन्हींत माहिती भरली जाते. १६ वेगवेगळ्या स्थिती वापरल्या, तर एका ठोक्यात चार बिट जातात. पण लेसर थरथरला, की शेजारच्या स्थिती एकमेकींत मिसळतात आणि चुका होतात. त्यामुळे लांब पल्ल्याच्या केबलसाठी रंगाचा पसारा साधारण एक लाख हर्ट्झ किंवा त्याहूनही कमी लागतो. साध्या दूरसंचार लेसरमध्ये तो दहा लाख हर्ट्झच्या घरात किंवा त्याहून अधिक असतो.

दुसऱ्या टोकाला काय होते?

तिथे फोटोडिटेक्टर प्रकाशाचे विजेत रूपांतर करतो. प्रकाश फोटॉनच्या थेंबांनी येतो. पत्र्यावर पाऊस वाजावा तसा त्याचाही आवाज असतो. शिवाय जोडलेल्या अॅम्प्लिफायरचा उष्णताजन्य गोंगाट असतोच. डिटेक्टर वेगवान हवा, तर तो लहान आणि पातळ करावा लागतो. पण पातळ थर प्रकाश कमी टिपतो. वेग आणि संवेदनशीलता यांची ही ओढाताण कायमचीच.

भारतासाठी धडा काय?

सिलिकॉनमधून प्रकाश सहज निघत नाही. म्हणून हे लेसर इंडियम फॉस्फाइडवर घडवतात, तर डिटेक्टरला इंडियम, गॅलियम किंवा जर्मेनियम लागते. गॅलियम, जर्मेनियमवर चीनने ऑगस्ट २०२३पासूनच नियंत्रण आणले आहे. धोलेरा येथे उभा राहत असलेला मोठा प्रकल्प मात्र सिलिकॉन चिपचा आहे. संयुग सेमीकंडक्टर आणि सिलिकॉन फोटॉनिक्ससाठी केंद्राची ५० टक्के भांडवली साह्याची योजना आहे. तिचा लाभ लेसर आणि डिटेक्टरपर्यंत पोहोचला नाही, तर चिप देशात बनेल. पण देशोदेशी माहिती नेणारा प्रकाश आयातच करावा लागेल.