फिट थांबली, पण हाडाचे काय?

फिट येऊन गेलेल्या माणसाला दवाखान्यात नेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'गोळ्या चुकवल्या का?' त्याचा खांदा कुणी तपासत नाही. आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बांधकाम मजुराची हीच कहाणी. रात्री झोपेत फिट आली, सकाळी उजवा हात वळेना. दवाखान्यात समोरून एक एक्स-रे काढला आणि 'मुका मार आहे' म्हणून मलम देऊन घरी पाठवले. मुकादम म्हणाला, 'काम चुकवायचे नाटक आहे.' महिन्याने दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिले, तर खांदा मागच्या बाजूला निखळलेला! तोवर शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरला नव्हता, रोजंदारीही गेली होती.

फिटमध्ये स्नायू इतक्या जोराने आवळतात की माणूस न पडताही खांदा मागे निखळतो, पाठीचा मणका दबून मोडतो, खुब्याचे हाड तुटते. मागे निखळलेला खांदा समोरच्या एक्स-रेत जवळजवळ नीट दिसतो. काखेच्या बाजूने फोटो घेतला की सापडतो. खूण साधी आहे : कोपर अंगाला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळत नाही. कधी दोन्ही खांदे निखळतात, मग ताडून पाहायला चांगली बाजूच उरत नाही. फिटनंतर रुग्ण गुंगीत असतो, त्याला दुखणे सांगता येत नाही. त्यात फेनिटॉइन, फेनोबार्बिटोनसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने हाडे कमजोर होऊ शकतात.

हे वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ९५ पाहा. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचे झटके देण्यास त्यात मनाई आहे. स्नायू सैल करतात ते झटक्याच्या आकडीत हाडे मोडू नयेत म्हणूनच. मग आपोआप आकडी आलेल्या गरिबाची हाडे तपासायला काय हरकत आहे? त्याचे दुखणे कांगावा का ठरते?

बांधवांनो, आपणही बदलले पाहिजे. फिट आलेल्याचे हातपाय दाबून धरू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, अंगात आले म्हणून देवऋषीकडे नेऊ नका. शुद्धीवर आल्यावर दोन्ही खांदे, पाठ, खुबे तपासण्याचा आग्रह धरा. दुखणे केसपेपरवर लिहून घ्या, त्याची प्रत जपून ठेवा. कागदावर नसलेले दुखणे उद्या कोर्टात सिद्ध करणे कठीण जाते, हा आमचा वकिलीतला अनुभव आहे.