धुंदलवाडीला हॅम हवेत

डहाणू-तलासरी म्हटले की मुंबईकराला चिकू आठवतात, फार तर वारली चित्रे. नोव्हेंबर २०१८ पासून मात्र धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून बाहेर पळताना पडून हळदपाड्याची दोन वर्षांची मुलगी गेली. पुढे कितीतरी रात्री लोकांनी घराबाहेर, तंबूत काढल्या.

याहून मोठा धक्का बसला, तर पहिल्या तासात पाड्यावरचा निरोप पालघरला पोचवणार कोण? मोबाइल आहे की, असे तुम्ही म्हणाल. पण वीज गेली की मनोरा बॅटरीवर चालतो, आणि बॅटरीलाही अंत असतो. शिवाय अशा वेळी सगळेच एकदम फोन लावतात. २६ जानेवारी २००१ रोजी भुजचे टेलिफोन मुके झाले, तेव्हा निरोप पोचवणाऱ्यांत हॅम होते.

हॅम म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाले. माझ्या बँकेत असा एक गृहस्थ होता. दिवसभर व्याजाचे आकडे, रात्री जपानशी गप्पा! आम्ही त्याची यथेच्छ थट्टा करीत असू.

या हौसेचे मोल अंदमानात कळले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद काही सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला होत्या. तिथून हौशी प्रक्षेपणाला अनेक वर्षांनी परवानगी मिळाली होती, आणि जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला धडपडत होते. २६ तारखेला त्सुनामी आली. हौस बाजूला ठेवून त्याच संचावरून त्या बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवू लागल्या. परवाना हातात होता, संच जोडलेला होता, तार टांगलेली होती. लाट आल्यावर अर्ज केला असता तर?

हा अर्ज केंद्राच्या दूरसंचार खात्याकडे करायचा असतो. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही परीक्षा देता येते. रेडिओचे तंत्र आणि नियम, असे दोन विभाग. खालच्या श्रेणीला मोर्सचे कडकट्ट लागत नाही. पण उत्तीर्ण झाल्यावर चौकशी होऊन परवाना हाती पडेपर्यंत महिने जातात. त्याआधी स्वस्तातला वॉकीटॉकी मागवून बोलायला लागणे हा गुन्हा आहे. व्यापारी निरोप आणि सांकेतिक भाषाही वर्ज्य. प्रत्येक संभाषण तारीख-वेळेसह वहीत लिहायचे, अगदी आमच्या रोजकीर्दीसारखे. ही शिस्त मला मनापासून आवडली.

हातातल्या छोट्या संचाची लहर सरळ रेषेत जाते, टेकडी आडवी आली की अडते. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला टेकडीची पर्वा नाही. सुमारे वीस मीटर तांब्याची तार मध्यावर तोडून दोन ताडांमध्ये फारशी उंच न टांगता बांधली की लहर आभाळात चढते, वरच्या थरावरून परतते आणि दिवसा मुंबई-नाशिकपर्यंत उतरते. संचाला मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी पुरते. संच मात्र महाग; तो शाळेने किंवा ग्रामपंचायतीने घ्यावा, एकट्याचे ते काम नव्हे.

खरी अडचण वेगळीच आहे. अभ्यासाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत, आणि परीक्षेसाठी मुंबई गाठायची. आश्रमशाळेतल्या वारली मुलीला ओहमचा नियम अवघड नाही. अवघड आहे ती त्याची इंग्रजी आणि मजुरी बुडवून तिला मुंबईला नेणारा बाप. विज्ञानाच्या एखाद्या मास्तरांनी आधी स्वतः परवाना काढावा, मग पाच-सात मुलांना मराठीतून शिकवावे. आणि जिल्हा प्रशासनाने दूरसंचार खात्याला एवढेच विचारावे, की वर्षातून एक दिवस परीक्षा डहाणूला का घेता येऊ नये? जव्हार-मोखाड्याची पोरेही त्याच दिवशी एसटीने येतील.