पाणी ओतणें म्हणजे दुरुस्ती नव्हे

अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्गावर, आपल्या बडनेऱ्यानजीक, सन २०२२ च्या जून महिन्यांत एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर लांब डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला, व गिनीजच्या ग्रंथांत त्याची नोंद झाली. रस्ता उत्तम झाला खरा; परंतु गांवांतल्या गांवांत मुकाट्यानें चालणारी जुनी मोटार वैशाखाच्या दुपारीं या रस्त्यावर वेगानें धावूं लागली, म्हणजे तिचे झांकलेले दोष उघडे पडतात. तापमानाचा कांटा वर चढतो, गाडी कडेला उभी राहते, आणि घरची मंडळी बाटलींतलें पाणी रेडिएटरमध्यें ओतून मोकळी होतात. "जुनीच ती, तापायचीच," असें म्हणून विषय संपविला जातो. हें मत आम्हांस मान्य नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, दाब वाढला म्हणजे पाण्याचा उत्कलनबिंदु वाढतो, हें तुम्ही वर्गांत शिकलांच आहां. रेडिएटरचें झांकण म्हणजे हा दाब धरून ठेवणारी झडपच होय. बाहेरील हवेच्या दुप्पट दाबाखालीं पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. झांकणाचें रबर निकामी झालें कीं हा दाब सुटतो, व निरोगी इंजिनाचेंहि पाणी उकळूं लागतें. (इंजिन तापलें असतां मात्र झांकण उघडूं नये, वाफेनें हात-तोंड भाजतें.) गाडी उभी असतांना तापत असेल तर पंख्याकडे पाहावें, वेगांत तापत असेल तर रेडिएटर आंतून चोंदला असण्याचा संभव अधिक, थेंब न गळतां पाणी कमी होत असेल व धूर पांढरा येत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. झांकण अल्प किंमतींत मिळतें. गॅस्केटसाठीं इंजिन उघडावें लागतें. हा भेद न जाणतां भागामागून भाग बदलीत जाणें म्हणजे नाडी न पाहतां औषधें देणें होय. आणि ओतावयाचें पाणी तरी कोणतें? पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी वारंवार ओतल्यास रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार सांचतात व गंज चढतो. तेथें कारखान्यानें सांगितलेलें कूलंटच हवें.

पूर्वीं मोठ्या रेल्वे स्थानकांवर गाडी थांबली कीं एक कामगार हातोड्यानें चाकांवर टोले मारीत नाद ऐकत जाई. नाद बद्द आला तर चाकास तडा असल्याचें त्यास कळे. मोटार घेण्यापूर्वीं असा कान असलेला, विकणाऱ्याशीं संबंध नसलेला मिस्त्री सोबत न्यावा, थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करवावें, व अर्धा तास तरी हमरस्त्यावर चालवून पाहावें. मिस्त्र्याची मजुरी पुष्कळांस जड वाटते. नवीं आसनकव्हरें मात्र जड वाटत नाहींत!

कायद्याचें साह्य येथें तोकडें आहे. सन १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणें एका गृहस्थानें दुसऱ्यास खाजगी रीतीनें विकलेल्या वस्तूच्या गुणाची हमी सहसा गृहीत धरली जात नाहीं. मात्र ठाऊक असलेला दोष बुद्ध्या झांकणें ही १८७२ च्या करार कायद्यानें फसवणूकच ठरते. इशाऱ्याचा दिवा यंत्रानें तात्पुरता विझवून गाडी दाखविणें याच प्रकारांत मोडतें, असें आमचें मत आहे. गाडी विकणाऱ्या पालकांनीं दुरुस्तीच्या पावत्या गाडीबरोबर द्याव्या, आणि ती तापत असेल तर तसें सांगून तेवढी किंमत उतरवावी. घेणारानेंहि ठरविलेल्या रकमेंतून कांहीं भाग पहिल्या दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवूनच गाडी घरीं आणावी. त्यांतून आधीं ब्रेक, मग टायर व रेडिएटर पाहावे. रंगाचें मागाहून पाहतां येईल.