भयपटाची प्रेमाने उडवलेली टर
मेल ब्रुक्स दिग्दर्शित ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ (१९७४) हा युनिव्हर्सल स्टुडिओच्या जुन्या भयपटांची टर उडवणारा, पण त्यांच्यावर जीव असलेला चित्रपट आहे. तो कृष्णधवलच हवा, हा ब्रुक्स यांचा हट्ट कोलंबियाने मानला नाही, फॉक्सने मानला. प्रयोगशाळेतील ठिणग्या उडवणारी यंत्रे तर १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधलीच, केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी ती जपून ठेवली होती. आंधळ्या संन्याशाचा प्रसंग १९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये करुण आहे. इथे तोच संन्यासी (जीन हॅकमन) पाहुण्या राक्षसाच्या मांडीवर कढत सूप ओततो आणि सिगार समजून त्याचा अंगठा पेटवतो. मूळ प्रसंग न पाहिलेल्यालाही हसू आवरत नाही. ब्रुक्स यांच्या विडंबनपटांत सर्वांत शिस्तशीर हाच.