सभ्य समाजाची जुनी गाडी

जुन्या गाड्यांचा व्यापारी म्हणजे मीटर मागे फिरवणारा इसम, असा सभ्य समाजाचा ठाम समज आहे. आहेत तसलेही, नाही कसे? पण आमच्याकडे गाडी विकायला येतो तो कोण? सभ्य समाजच ना! 'एकहाती आहे हो, फक्त रविवारी देवळापर्यंत,' हे काही मी पढवलेलं नसतं. मॅटखालची गाळाची रेघ पुराची जबानी देत असते आणि साहेब म्हणतात, 'परवाच धुतली!' हेच साहेब गिऱ्हाईक होऊन आले, की पत्र्यावरची पुटी शोधायला खिशातून लोहचुंबक काढतात.

नफ्याचं म्हणाल, तर 16 जानेवारी 2025 पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर 18 टक्के जीएसटी आहे. लहान गाड्यांना आधी 12 होता. 2 लाखांना घेतलेली गाडी अडीचला विकली, तर कर 50 हजारांवर. मध्ये डेंटिंग-पेंटिंगला 20 हजार गेले, ती सरकारच्या हिशेबी माझी हौस! दोन शेजाऱ्यांनी आपसांत व्यवहार केला, तर हा कर नाही. मग तेच शेजारी येऊन मला विचारतात, 'तुम्हीच एवढे महाग कसे हो?' चहा मात्र आमच्याकडचा पितात.